पाठ टेकूनच सुरुवात

पडण्याच्या बाबतीत मराठी भाषा भलतीच सढळ हाताची आहे. आपल्याकडे पाऊस पडतो, थंडी पडते, कांद्याचा भाव पडतो, आनंदात विरजण पडतं. माणूस आजारी पडतो, प्रेमात पडतो, भरीला पडतो, तोंडघशी पडतो आणि शेवटी हे सगळं त्याला महागात पडतं. एवढ्यानंही भागत नाही, म्हणून निवडणुका आहेत. आमच्या लासुर्ण्याच्या आसपास ग्रामपंचायत, सोसायटी, साखर कारखाना, दूध संघ अशा इतक्या निवडणुका होतात, की बारा महिन्यांत कुणी ना कुणी पडलेलं असतंच. त्यात अट एकच. पडायचं असेल तर आधी उभं राहावं लागतं. उभा न राहता पडलेला उमेदवार आमच्या तालुक्यानं अजून पाहिलेला नाही.

असा माणूस मला पहिल्यांदा दिसला तो पुतण्याच्या मोबाईलवर. तो उभा नव्हता, बसलेला नव्हता, चक्क उताणा झोपलेला होता आणि झोपल्या झोपल्या पडला. बरं, खाटेवरून पडला म्हणावं तर तेही नाही. बर्फाच्या पन्हळीतून सुसाट घसरणाऱ्या एका एवढ्याशा गाडीवरून पडला. पडून गप राहिला असता, तर चार माणसांसारखा तोही पडला असं म्हणून आपण विसरलो असतो. पण या बहाद्दरानं गाडी सोडली नाही. फरपटत असतानाच तिला धरून ठेवलं, चालत्या गाडीवर पुन्हा चढला, पुन्हा उताणा झाला आणि शेवटच्या रेषेपर्यंत गेला. चालत्या एस. टी.त चढणाऱ्यांबद्दल मला पहिल्यापासून आदर आहे. पण एस. टी. निदान बर्फावरून धावत नाही, आणि तिला कंडक्टर असतो.

"ह्याला ल्यूज म्हणत्यात," पुतण्या म्हणाला.

"काय लूज?" शेजारी बसलेल्या तात्यांनी कानाला हात लावून विचारलं. तात्या म्हणजे आमचे चुलते. "पोट का नटबोल्ट?"

"ल्यूज, तात्या, ल्यूज. खेळाचं नाव हाय."

तात्यांनी मोबाईल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. उमेदीच्या काळात तात्या आखाड्यातले गडी. जत्रेतल्या कुस्त्यांचे नारळ आणि फेटे त्यांच्या घरात अजून मोजून ठेवलेले आहेत (म्हणजे फेटे ठेवलेले आहेत, नारळ केव्हाच संपले). त्यांनी त्या उताण्या माणसाकडं नीट पाहिलं आणि पंचाच्या आवाजात निकाल दिला:

"आरं, ह्यो तर आधीच चीत हाय! पाठ टेकूनच सुरुवात. ह्याच्यात आता हारायचं काय ऱ्हायलंय?"

तात्यांच्या या एका वाक्यात त्या खेळाचं मर्म आलेलं आहे. कुस्तीत पाठ टेकली की संपलं. ल्यूजमध्ये पाठ टेकल्याशिवाय सुरूच होत नाही. वीस-पंचवीस किलोची एक बुटकी गाडी. तिला खाली पोलादी धारेच्या दोन घसरपट्ट्या. तिच्यावर पाय पुढं करून उताणं झोपायचं आणि डोंगरावरून खाली वाकडीतिकडी गेलेल्या बर्फाच्या पन्हळीत स्वतःला सोडून द्यायचं. डोकं उचलून पाहिलं तर वारा अडतो आणि वेळ जातो. तेव्हा रस्ता फार पाहायचाही नाही, अंगानंच ओळखायचा. वेग ताशी १२० ते १४० किलोमीटर. आपली पालखीमार्गावरची गाडी चार पदरी रस्त्यावर, सरळ बसून, स्टेअरिंग हातात घेऊन या वेगानं गेली तरी मागच्या सीटवरची मंडळी मारुतीस्तोत्र सुरू करतात.

"स्टेअरिंग कुठाय?" तात्यांनी विचारलं.

स्टेअरिंग नसतं. पोटरीनं घसरपट्टी दाबायची की गाडी वळते. खांद्यानं थोडा जोर द्यायचा. म्हणजे आमच्याकडं रात्री खाटेवर कूस बदलताना माणूस जेवढं करतो, तेवढ्यात हे लोक डोंगर उतरतात.

"आन् ब्रेक?"

ब्रेकही नसतो. खाली पोचल्यावर उठून बसायचं, पाय टेकायचे, घसरपट्ट्यांची टोकं हातानं वर ओढायची. तात्यांना याचं मात्र काही वाटलं नाही. हंगामात उसानं भरलेले दोन ट्रेलर मागं लावून, मोठ्यानं गाणी वाजवत जाणारे ट्रॅक्टर त्यांनी जन्मभर पाहिलेले आहेत.

पुतण्यानं मग आणखी एक माहिती पुरवली. वळणावर अंगावर असा दाब येतो, की माणसाचं वजन पाचपटीपर्यंत भरतं. म्हणजे ७० किलोचा गडी त्या वळणापुरता ३५० किलोचा होतो. हे ऐकून मात्र तात्या हळवे झाले. ज्यात माल आहे त्यापेक्षा जास्त वजन भरतं, असा काटा पृथ्वीवर कुठंतरी आहे, या कल्पनेनंच ऊस लावणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं.

शिवाय वेळ मोजतात तो सेकंदाच्या हजाराव्या भागात. आमच्याकडं "सकाळच्याला येतो" म्हणजे सूर्योदयापासून जेवणापर्यंत केव्हाही. तेव्हा तो भाग आम्ही सोडून दिला.

आता तुम्ही म्हणाल, लासुर्णे कुठं आणि बर्फ कुठं? प्रश्न रास्त आहे. बारामतीहून इंदापूरकडं निघालं की काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी करत आमचं गाव येतं. नीरा डाव्या कालव्याचं पाणी, म्हणून उसाचा मुलूख. थंडी पडते ती गव्हाला मानवेल एवढीच. बर्फ आम्हांला दोन रूपांत भेटतो: उसाच्या रसात आणि जत्रेतल्या गोळ्यात. गोळ्यावरून कुणी घसरल्याची नोंद नाही.

पण घसरण्याची विद्या काही बर्फावर अवलंबून नसते. आमच्या लहानपणी कालव्याचा भराव होता, युरियाची रिकामी पोती होती आणि दुपारी वडीलधारी मंडळी झोपत होती. या तीन गोष्टी एकत्र आल्या की खेळ तयार. भरावावर दोन-चार डबे पाणी ओतायचं, काळी माती लोण्यासारखी झाली की पोत्यावर बसायचं आणि शेताच्या बाजूला सुटायचं. गाडीचा खर्च शून्य. ब्रेक म्हणजे खाली उगवलेली वेडी बाभळ. तिच्यापाशी गाडी हमखास थांबायची. आपण थोडे पुढं जायचो. संध्याकाळी आई कंदिलापाशी बसवून सुईनं काटे काढायची, आणि दर काट्याला एक वाक्य. काट्यांपेक्षा वाक्यं खोल जात. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पुन्हा भरावावर हजर. त्या वयात पडणं ही खेळाचीच एक पायरी असते. शरम नंतर शिकवली जाते.

आणि आमच्याकडं ती फार मन लावून शिकवतात. मोठा माणूस पडला की पहिल्यांदा तो आपल्याला कुठं लागलं हे पाहत नाही; कुणी पाहिलं का, ते पाहतो. मग कपडे झटकतो. मग चपलेकडं अशा नजरेनं बघतो की जणू तिनंच पाय ओढला. एवढ्यात मंडळी जमतात. पहिला विचारतो, "कसा पडला?" दुसरा विचारतो, "तिकडं कशाला गेलता?" तिसरा काहीच विचारत नाही. तो म्हणतो, "मी म्हणलंच हुतं." मग घरी 'बघायला' येणाऱ्यांची रीघ लागते. चहा होतो. चहाबरोबर आपापल्या पाहुण्यांतल्या पडलेल्यांची यादी होते, आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग "असंच साधं निमित्त झालं, तिसऱ्या दिवशी गेला" या जातीचा असतो. पडणाऱ्याला लागतं एकदाच. चौकशी महिनाभर पुरते.

पुतण्या त्या दिवशी हा व्हिडिओ आम्हांला का दाखवत बसला होता, ते आता सांगायला हवं. तोही पडला होता.

आमच्याकडं पहाटे कालव्याच्या कडेनं फिरायला गेलात तर अंधारात पावलांचे आवाज येतात. चोर समजू नका. ती पोलीस भरतीची पोरं असतात. मैदानी परीक्षेत १६०० मीटर धावायचं असतं, १०० मीटर धावायचं असतं, गोळा फेकायचा असतो. त्यासाठी ही पोरं दोन-दोन, तीन-तीन वर्षं पहाटे चारला उठतात. कुणाच्या घरी दोन एकर, कुणाच्या घरी तेही नाही. आमच्या पुतण्याची ही दुसरी वेळ होती. १६०० मीटरच्या शेवटच्या फेरीत गर्दीत कुणाचा तरी पाय लागला आणि तो तोंडावर आपटला. उठला, पळाला, पुरं केलं. पण तिथं गुण सेकंदांवर असतात, आणि सेकंद कुणाची वाट पाहत नाहीत. गुडघ्यावर दोन पट्ट्या लावून पोरगं घरी आलं. मग वर सांगितलेलं सगळं सुरू झालं. कसा पडला, बूट कसले हुते, कडंनं पळायचं न्हाय का, मी म्हणलंच हुतं. चौथ्या दिवसापासून त्यानं पारावर जाणं सोडलं. पाचव्या दिवसापासून पहाटेचं उठणंही. दिवसभर माजघरात मोबाईल घेऊन पडून राहायचा. भाषेनं इथंही 'पडून'च म्हटलं आहे, पाहा.

आणि मोबाईलमध्ये काय बघायचा, तर लोकांचं पडणं. तसले व्हिडिओ ढिगानं असतात म्हणे. त्या ढिगात त्याला हा उताणा माणूस सापडला.

या माणसाचं नाव शिव केशवन. मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा. वडील केरळचे, आई इटलीची, पोरगं हिमाचलचं; म्हणजे एका घरात अख्खी नकाशाची वही. शाळकरी वयात पंचकुलाला एक शिबिर झालं. तिथं परदेशातून आलेल्या प्रशिक्षकानं पोरांना चाकं लावलेली गाडी दिली, कारण बर्फाची पन्हळ भारतात नव्हती. ती आजही नाही. तसली पन्हळ म्हणजे काँक्रीटची, तिच्या पोटात नळ्या, नळ्यांतून फिरणारा अमोनिया. आपल्या बर्फाच्या कारखान्यात असतो, तोच. फक्त आपण त्या बर्फावर मासळी ठेवतो, ते माणसं ठेवतात.

तेव्हा हा गडी सराव करायचा हिमालयातल्या डांबरी रस्त्यावर. गाडीला चाकं लावायची, उताणं व्हायचं आणि घाट उतरायचा. समोरून ट्रक येतोय, मध्येच मेंढरांचा कळप आडवा. दिवाळीनंतर आमच्या रस्त्यानं धनगरांची मेंढरं निघतात, तेव्हा मोटारसायकल चालवणाऱ्या माणसालाच या सरावाची अवघडता खरी कळेल. मेंढरू हॉर्नला जुमानत नाही, आणि याच्या गाडीला तर हॉर्नही नव्हता.

१९९८ साली जपानात नागानोला हिवाळी ऑलिम्पिक झालं. त्यात भारतातर्फे गेलेला खेळाडू एकच, हा. वय वर्षं १६. आपला नंबर आला २८वा. २००२ साली अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला पुन्हा भारताचा एकटा हाच. मग २००६, २०१०, २०१४, २०१८. एकूण सहा ऑलिम्पिक. मधे २०११ साली नागानोलाच आशिया करंडक स्पर्धेत त्यानं सुवर्णपदक मिळवलं. २०२० साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. इतकं सगळं होऊन आमच्या पारावर हे नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. गावातल्या शेंबड्या पोरालाही क्रिकेटच्या राखीव खेळाडूंची नावं पाठ आहेत, ही गोष्ट वेगळी.

मोबाईलमधलं ते पडणं झालं रशियात, सोचीला, २०१४ साली. सराव चालू होता. आणि त्या वेळी या माणसाकडं तिरंगाही नव्हता. कारण ऐकून तुम्हांला लासुर्ण्यातच असल्यासारखं वाटेल. निवडणूक! भारतीय ऑलिम्पिक संघटनेच्या निवडणुकीचा घोळ झाला म्हणून डिसेंबर २०१२मध्ये आंतरराष्ट्रीय समितीनं तिला निलंबित केलं होतं. त्यामुळं सोचीच्या उद्घाटनाला आपले तीन खेळाडू ऑलिम्पिकच्या झेंड्यामागून चालले. निलंबन उठलं ११ फेब्रुवारीला. आणि पुरुषांच्या एकेरी ल्यूजच्या शर्यती ९ फेब्रुवारीला संपल्या होत्या. उभं राहणारे दिल्लीत उभे राहिले, पडणारे तिथं पडले आणि झेंडा हुकला सोचीत झोपलेल्या माणसाचा.

"मग कितवा आला?" तात्यांनी विचारलं.

"सदतिसावा."

तात्या गप्प झाले. कुस्तीत नंबर दोनच असतात, मारलेला आणि पडलेला. सदतिसावा नंबर कुठं ठेवायचा, हे त्यांना कळेना. मग बऱ्याच वेळानं म्हणाले, "पर गाडी न्हाय सोडली त्यानं."

ती न सोडण्याला त्या खेळात अर्थ आहे. शेवटची रेषा ओलांडताना खेळाडू आणि गाडी यांची ताटातूट झालेली चालत नाही. गाडी एकटी खाली आली तर धाव बाद, माणूस एकटा आला तरी बाद. आमच्याकडं लग्नानंतर देवदर्शनाला जोडीनं जावं लागतं, तसलंच हे. तुम्ही पडला होता की नव्हता, हे रेषेपाशी कुणी विचारत नाही. बरोबर आला का, एवढंच पाहतात.

जमैकाच्या लोकांचीही अशीच गोष्ट आहे. त्यांचा खेळ ल्यूजचा चुलतभाऊ, बॉबस्ले. त्यात चौघं जण एका डब्यासारख्या गाडीत बसतात. जमैका म्हणजे नारळीपोफळीचं उष्ण बेट. तिथल्या गड्यांनी बर्फावर घसरायचं म्हणजे आमच्या कालव्यात जहाजाचे कप्तान तयार करण्यातला प्रकार. तरी १९८८ साली ते कॅनडात कॅलगरीच्या ऑलिम्पिकला पोचले. तिसऱ्या धावेत गाडी उलटली. चौघांची डोकी बर्फाच्या भिंतीला घासत गेली. सगळं थांबल्यावर चौघं बाहेर आले आणि गाडीबरोबर चालत रेषेपर्यंत गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढं त्यावर १९९३ साली सिनेमा निघाला. त्यात ते गाडी खांद्यावर घेऊन जातात. सिनेमावाल्यांना चालत जाणं कमी वाटलं असावं. खरी गोष्ट सिनेमाच्याही पुढं आहे. १९९४ साली नॉर्वेतल्या लिलेहॅमरला जमैकाची चौघांची गाडी १४वी आली.

हे सगळं सांगताना पुतण्या हळूहळू उठून बसला होता. मीही रंगात आलो होतो. "बघ," असं म्हणून मी आता एखादं सुविचाराचं वाक्य टाकणार, एवढ्यात त्यानंच विचारलं, "आन् ज्यो उठलाच न्हाय, त्याचं काय?"

इथं विनोद थांबवावा लागतो. १२ फेब्रुवारी २०१०. कॅनडात व्हँकुव्हरच्या ऑलिम्पिकचं उद्घाटन त्या संध्याकाळी व्हायचं होतं. सकाळी व्हिसलरच्या पन्हळीत सराव चालू असताना जॉर्जिया देशाचा नोदार कुमारिताश्विली गाडीवरून उडाला, पन्हळीबाहेर फेकला गेला आणि पोलादी खांबावर आदळला. वय वर्षं २१. वेग ताशी १४० किलोमीटरच्या पुढं. तो वाचला नाही. मग तिथली भिंत उंच केली, आणि पुरुषांची सुरुवातीची जागा डोंगरावर खाली आणली, वेग कमी व्हावा म्हणून. आधी करता आलं असतं ते नंतर झालं. हे काही आपल्याच देशात होतं असं नाही. त्या स्पर्धेत केशवनही होता. त्याच पन्हळीतून तो खाली आला, २९वा. चार वर्षांनी सोचीला पाठ बर्फाला लागली तेव्हा त्याला नोदार आठवला असेल की नाही, ते तोच जाणे. पण तशा वेळी हात गाडीला घट्ट धरून राहतो आणि माणूस वाचतो, यात हाताचं कसब किती आणि नशिबाचा भाग किती, याची वाटणी कुठल्याही तलाठ्याला करता येणार नाही.

म्हणून ते सुविचाराचं वाक्य मी गिळलं. जो पडून उठला, तो उठला म्हणून थोर. आणि जो उठला नाही, त्याच्यात काही कमी होतं का? दोघंही त्याच डोंगरावर चढले होते, दोघंही उताणे झाले होते. उठून पुन्हा धावणाऱ्या माणसाची गोष्ट सांगणं सोपं असतं. त्याच्या शेजारी बसणं अवघड.

आमच्या शेजारच्या बेलवाडीला आषाढात तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण होतं. घोडे धावतात. त्यांच्यामागून टाळकरी, पखवाजवाले, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, सत्तर-पंच्याहत्तरीचे म्हातारे, सगळे धावतात. एवढी माणसं धावल्यावर पडणारच. कुणाचा पाय मुरगळतो, कुणाची तोल जाऊन बसकण होते. तिथं मी एक गोष्ट वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. पडलेल्याला कुणी "कसा पडला" असं विचारत नाही. दोन अनोळखी हात दोन्ही दंडांना धरतात, "माउली" म्हणतात, उभं करतात आणि त्याच्या टाळाची दोरी त्याच्या हातात देतात. पुढचं पाऊल त्यानं टाकलं की ते हात गर्दीत नाहीसे होतात. दुसऱ्या दिवशी चहाला येत नाहीत. आणि गंमत म्हणजे ते हात आमच्याच गावांतले असतात. रिंगण संपवून घरी आले की तेच पारावर बसून "मी म्हणलंच हुतं" म्हणतात. रिंगणाबाहेर त्यांना काय होतं, कळत नाही.

पुतण्याला मी हे सगळं सांगितलं नाही. आमच्या घराण्यात काकानं पुतण्याशी एका बैठकीत इतकं बोलण्याची पद्धत नाही. मी फक्त विचारलं, "शेवटची फेरी किती राहिली होती, तू पडलास तेव्हा?"

"निम्मी."

"आणि ती पळालास?"

"व्हय. रगात लागलं हुतं पायाला. तरी तिघं मागं हुते माझ्या."

पंधरा दिवसांत हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. सगळ्यांची चौकशी पडण्यापाशी थांबलेली. उरलेली निम्मी फेरी पोरगं एकटंच पोटात घेऊन बसलं होतं. तात्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. ती आखाड्यातली थाप. पोरगं पुन्हा पडता पडता वाचलं.

एवढा वेळ आमची आई चुलीपाशी बसून शेंगा फोडत होती. आमचं बोलणं तिच्या कानावर होतं, पण तिनं तोंड उघडलं नव्हतं. आता तिनं हात झटकले आणि म्हणाली, "दावा बघू मला बी."

पुतण्यानं मोबाईल तिच्या डोळ्यांसमोर धरला. गाडी आली, माणूस पडला, फरपटला, चढला, गेला. तिनं दोनदा पाहिलं.

"ह्याच्या आईला कुणी कळवलं का, पोरगं पडलंय म्हणून?"

"आजी, दहा वर्षांवर झाली त्याला."

"म्हणून काय झालं? आईला कळाय पायजे." मग थोडं थांबून, "म्होरं काय केलं त्यानं?"

"पुन्यांदा वर गेला की. शर्यतीला."

"एवढा डोंगूर? चालत?"

"न्हाय आजी. वर न्यायला ट्रक असतो."

"मंग ठीक हाय," आई म्हणाली. तिला सगळ्यात मोठी काळजी तीच होती. शेंगांची परात उचलून ती उठली आणि आत जाता जाता पुतण्याला म्हणाली, "उद्या पहाटं उठणार असशील तर आत्ताच सांग. दूध राखाय लागतंय."

तो "बघू" म्हणाला. आईनं दूध राखलं.